चार वाजताचं लाल कुलूप

मित्रांनो, कुलूप म्हटलं की तुम्हाला आधी चोर आठवतो, हो ना? पेटी, कपाट, दुकानाचं शटर! मी तर आख्ख्या जन्मात एकही चोर पाहिलेला नाही. मी एक जुनं लाल कुलूप आहे. माझी कडी करवतीनं कापलेली आहे, माझी किल्ली नदीत पडली आहे, आणि तरीही चार वाजायला आले की मला स्वस्थ बसवत नाही. खिळ्यावर लटकल्या लटकल्या मी हलायला लागतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं वारा सुटलाय. वारा कसला डोंबलाचा! माझाच जीव खालीवर होत असतो.

का होतो, ते सांगतो. घाई करू नका. घाई करायला मी एकटा पुरेसा आहे.

माझा जन्म अलीगढचा. तिथं गल्लोगल्ली कुलपंच घडतात. माझ्याबरोबर जन्मलेली भावंडं कुणी देवळात गेली, कुणी लग्नाच्या पेटीवर बसली. मला आणि आणखी अकरा जणांना लाल रंग फासून झाशीला धाडलं. झाशीहून चिरगाँवकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला विजेचे सिमेंटचे खांब बनवणारा एक कारखाना आहे, तिथं. आम्हाला मागवणाऱ्या बाईंचं नाव शलाका. कारखान्यातल्या माणसांना इजा होऊ नये, हे पाहण्याची नोकरी त्यांची. खोकं उघडल्या उघडल्या त्यांनी काय करावं? प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक काढली आणि लोहाराकडून चेपून टाकली! मी तर हबकलोच. म्हटलं, ही बाई शहाणी आहे की नाही?

"एक ताला, एक चाबी, एक आदमी," त्या सगळ्या कामगारांना म्हणाल्या. "जो मशीन में हाथ डालेगा, ताला उसी का. चाबी उसी की जेब में. दूसरा कोई खोल ही न पाए."

मला दिलं शरदचंद्र नावाच्या फिटरला. वय पंचावन्नच्या पुढं, मिशा पांढऱ्या, चालणं झपाझप. त्यांचे पूर्वज गुरसरायच्या संस्थानात कारकुनी करायला दक्षिणेतून आले, आणि मग इथलेच झाले. कारखान्यात सगळे त्यांना पंडितजी म्हणत. दिवसभर हिंदीत बोलायचे, पण एखाद्या वस्तूला मात्र घरातला जुना मराठी शब्दच लावायचे. सिमेंट, वाळू आणि खडी कालवणाऱ्या त्या भल्यामोठ्या गोल यंत्राला इतर लोक मिक्सर म्हणत, आणि पंडितजी म्हणत घंगाळ. घंगाळ म्हणजे अंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं. पण हे घंगाळ एवढं, की आत चार माणसं सहज उभी राहतील. तळाशी लोखंडाची जाडजूड पाती. हिरवं बटण दाबलं की ती गरागरा फिरत.

आता ऐका. रोज संध्याकाळी चार वाजता त्या घंगाळात माणूस उतरतो. पात्यांना चिकटून सिमेंट दगडासारखं होतं ना, ते छिन्नी-हातोडीनं फोडून काढावं लागतं. नाही काढलं तर दुसऱ्या दिवशी यंत्र चालत नाही. म्हणजे माणूस आत, पात्यांच्या मधोमध वाकलेला, कानात हातोडीची ठणठण. आणि बटण बाहेर, भिंतीपलीकडे! आतला बाहेरच्याला दिसत नाही, बाहेरचा आतल्याला दिसत नाही. समजलं मला कुठं बसवत असतील? मुख्य स्विचची दांडी खाली ओढायची, वीज बंद करायची, आणि त्या दांडीत मला अडकवायचं. मी तिथं असेपर्यंत दांडी वर होणार नाही. दांडी वर झाली नाही तर वीज येणार नाही. हिरवं बटण कुणी कितीही दाबो, पाती हलणार नाहीत.

एवढं करूनही शलाकाबाईंचा आणखी एक नियम होता. कुलूप लावल्यावर हिरवं बटण एकदा दाबून बघायचं. काही झालं नाही तरच आत उतरायचं.

पंडितजींनी ते बटण कधी म्हणजे कधी दाबलं नाही. मला लावायचे, माझी कडी तीनतीनदा ओढून बघायचे, किल्ली जानव्याला बांधायचे, आणि बटणाची वेळ आली की मागं सरायचे. "हरगोविंद, तू दबा," म्हणायचे. हरगोविंद म्हणजे आत उतरून सफाई करणारा गडी. त्याचं स्वतःचं कुलूप होतं, सात नंबरचं, तेही माझ्या शेजारी लागायचं. तो दोन बोटांनी बटण दाबायचा. दोनच बोटांनी, कारण त्याच्या डाव्या हाताला अंगठा धरून दोनच बोटं होती.

बाकीची तीन कुठं गेली, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. आम्ही येण्याच्या वर्षभर आधीची गोष्ट. तेव्हा कुलूप वगैरे काही नव्हतं. स्विचवर एक पाटी टांगायचे, 'काम चालू है', की झालं. त्या दिवशी पाटी होती. ती रोजच टांगलेली असायची. काम असो नसो, कुणी काढायचंच नाही. मग तिच्याकडे बघतंय कोण? कुणीतरी लांबून ओरडलं, "चालू करो!" ते दुसऱ्याच यंत्राबद्दल होतं. आणि बटणापाशी जो उभा होता, त्यानं दाबलं. पाती अर्धाच फेरा फिरली. आतून जी किंकाळी आली ती ऐकून त्यानं लगेच बंद केलं. पण अर्धा फेरा पुरला.

बटणापाशी उभे होते शरदचंद्र.

हरगोविंद बरा होऊन परत आला, आणि वर पंडितजींना म्हणाला, "तुमने थोड़ेई करी, पंडितजी, मशीन ने करी." पण ज्याच्या बोटानं झालं, त्याचं मन असं समजतं का? त्या दिवसापासून त्यांना झोप कमी. जेवताजेवता उठून विचारायचे, आत कोणी नाही ना? मी आलो तेव्हा त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि मराठीत म्हणाले, "बाबा रे, आता तूच." मला तर गुदमरायलाच झालं. एवढा भार कुलपावर टाकतात का कुणी?

पण खरं सांगू, ती वर्षं सुखाची होती. पाच वर्षांत घंगाळापाशी कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. वर्षातून एकदा झेंडूची माळ घालून आमची पूजा व्हायची, फोटो निघायचा. मी जरा फुशारलो होतोच, कबूल करतो.

मग शलाकाबाई नोकरी बदलून गेल्या. आणि त्यांच्या जागी सुमेधसाहेब आले.

सुमेधसाहेब मूळ नाशिकचे. वय तिशीच्या आतबाहेर, चष्म्यावर सदा सिमेंटची भुकटी. माणूस वाईट नव्हता हो. प्रत्येकाचं नाव विचारायचे, डबा कामगारांत बसून खायचे. पंडितजी मराठी बोलतात कळल्यावर तर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यागत झालं. "काका, काका" करत मागं फिरायचे. पण मालकांनी त्यांच्याकडून एक तक्ता मागवला होता. सुरक्षेवर कारखाना काय काय खर्च करतो ते एका बाजूला, आणि त्यातून काय मिळतं ते दुसऱ्या बाजूला. ज्याचं पारडं हलकं, ते बंद.

साहेबांनी मन लावून तक्ता केला. आणि मित्रांनो, मी कितीही तापट असलो तरी खोटं बोलणार नाही. त्यातलं पुष्कळ बरोबर होतं. दरवर्षी सुरक्षा सप्ताहात फुगे फुगवून घोषणांची स्पर्धा व्हायची, तिचा कुणाला काय उपयोग? कचेरीत बसून बिलं करणाऱ्यांना हेल्मेट दिली होती. त्यात ते भाजी आणायचे. जाड हातमोजे घेतले होते, ते घालून नटबोल्ट पकडताच येत नसे. या सगळ्यावर साहेबांनी काट मारली, तर पंडितजीसुद्धा म्हणाले, "बरं केलंत."

पण मग साहेब आमच्यापाशी आले. घड्याळ लावून बसले. कुलूप लावायला, बटण दाबून बघायला, पुन्हा काढायला, सगळ्या यंत्रांचं मिळून रोज पाऊण तास उत्पादन बंद. वर्षाचे दिवस किती, त्या वेळात खांब किती झाले असते, सगळं त्यांनी मांडलं. आणि दुसरी बाजू कोरीच राहिली.

"काका, तुम्हीच सांगा, इथं काय लिहू?" त्यांनी कळवळून विचारलं. "माझ्याकडे तीन वर्षांची कागदपत्रं आहेत. त्यात घंगाळावर एकही अपघात नाही. जे घडलंच नाही त्याचा आकडा कुठून आणू?"

पंडितजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. सांगा ना, पंडितजी! तीन वर्षांच्या मागं जा, सहा वर्षांपूर्वीचं सांगा! पण त्यांनी मान खाली घातली. शरम मोठी वाईट असते, चांगल्या माणसाचीसुद्धा जीभ धरते.

"नाकापेक्षा मोती जड झालाय काका," साहेब हळूच म्हणाले. "मशीन सुरक्षित आहे, मग कुलपं कशाला?"

ऐकलंत? अपघात होत नाही म्हणून कुलूप नको! अहो, कुलूप आहे म्हणून अपघात होत नाही! मी दांडीवर थडथड आपटलो. पण कुलपाचं कोण ऐकतो? आणि खरं तर, मला तरी सिद्ध कुठं करता येत होतं? जे थांबवलं ते कधी दिसतच नाही. हेच तर माझ्या धंद्याचं दुखणं आहे.

तरी साहेबांनी लगेच आम्हाला बंद केलं नसतं. पण त्यांच्या हातात कोलीत दिलं ते आमच्याच पंडितजींनी.

श्रावणातली गोष्ट. घंगाळाची पाती बदलायला काढली होती. संध्याकाळपर्यंत काम पुरं झालं नाही, बोल्ट यायचे होते. पंडितजींनी मला स्विचवर तसंच ठेवलं आणि नेहमीप्रमाणे किल्ली जानव्याला बांधून घरी गेले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. इकडे राखी, आणि झाशीतल्या जुन्या मराठी घरांची श्रावणी. दरसाल ही मंडळी सकाळी ओरछ्याला बेतवेच्या काठावर जमतात, स्नान करून नवं जानवं घालतात आणि जुनं पाण्यात सोडतात. कारखान्यात माल अडला होता, सुट्टी नव्हती. म्हणून पंडितजी अकरापर्यंत येतो असं सांगून गेले होते.

मी तिथं नव्हतो, पण माझी किल्ली होती. म्हणजे अर्धा मी होतोच की. बेतवा दुथडी भरून वाहत होती. पंडितजींना घाई. भटजी म्हणाले, नवं घाला, यांनी घातलं. भटजी म्हणाले, जुनं विसर्जन करा, यांनी डोक्यावरून काढून सोडून दिलं, आणि हात जोडले. काठावरून स्नेहलताकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, ओरडल्या, "अहो! किल्ली!" पंडितजींचा हात छातीवर गेला. तिथं नुसतं कोरं करकरीत पिवळं जानवं.

त्यांनी पाण्यात उडीच टाकली असती. चार जणांनी धरलं म्हणून बरं.

इकडे दहा वाजता नवी पाती बसली. हरगोविंदनं आपलं सात नंबरचं काढून घेतलं. राहिलो मी एकटा. खांबांसाठी तीन ट्रक फाटकाशी उभे. साहेबांनी फोन केला, आणि फोनवर जे ऐकलं त्यानं त्यांनी चष्माच काढला.

"नदीत? काका, नदीत म्हणजे?... बरं, ठीक आहे, मी कापतो कुलूप."

"कापू नका साहेब! मी येईपर्यंत नको! ज्याचं कुलूप तो समोर असल्याशिवाय नाही, असा नियम आहे. हात जोडतो!"

पण राखीचा दिवस. रस्त्यांवर माहेरी निघालेल्या बायकांनी भरलेल्या बसेस, रिक्षा, मोटरसायकली. ओरछ्याहून झाशी, झाशीतून बाहेर पडून चिरगाँवचा रस्ता. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले. मालकांचा फोन दोनदा आला. शेवटी साहेबांनी करवत मागवली आणि माझ्या कडीवर ठेवली. पहिली ओढ. मित्रांनो, दुखतं हो! आणि दुखण्यापेक्षा लाज वाटते, ती वेगळीच.

तेवढ्यात दोन बोटांचा एक हात माझ्यावर येऊन पडला. करवत अडली.

"साब, जो पंडितजी को तारो है," हरगोविंद म्हणाला. "बे आहें, तबई कटहे." म्हणजे पंडितजी येतील तेव्हाच कापायचं.

"अरे, पण आत कोणी नाही! मी स्वतः पाहिलंय!"

"हओ साब, कोऊ नइयां." आत कोणी नाही, हे हरगोविंदनंही कबूल केलं, आणि हात तसाच ठेवला.

पंडितजी सव्वाबाराला पोचले. धोतर ओलं, कपाळावर गंध, धाप लागलेली. कुणाशी न बोलता आधी शिडी चढून घंगाळात वाकून पाहिलं. मग बाकीच्या अकराच्या अकरा कुलूपवाल्यांना समोर उभं करून एकेकाचं नाव पुकारलं. मग करवत घेतली आणि मला स्वतः कापलं. अलीगढचं पोलाद आहे, वीस मिनिटं लागली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. घाम असेल म्हणा. तोवर दोन ट्रक रिकामे निघून गेले होते.

आणि घंगाळ खरोखरच रिकामं होतं. साहेबांचंच बरोबर निघालं! आत कोणी असतं तर मी हीरो झालो असतो. पण कोणी नव्हतं, आणि एका किल्लीपायी अर्धा दिवस पाण्यात गेला. त्या संध्याकाळी साहेबांनी अकराही कुलपं गोळा केली आणि आपल्या कचेरीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातलं. आता हसावं की रडावं? उद्यापासून नुसता स्विच बंद करायचा आणि पाटी टांगायची, असा हुकूम निघाला. 'काम चालू है.' तीच पाटी!

मला कुणी मागितलं नाही. कापलेलं कुलूप कोण मागणार? पंडितजींनी मला आपल्या खिशात टाकलं.

मग जे दिवस सुरू झाले ते आठवले तरी अजून अंग गरम होतं. चार वाजले की हरगोविंद आत उतरायचा, आणि पंडितजी स्विचची दांडी मुठीत धरून उभे राहायचे. तो बाहेर येईपर्यंत. चाळीस चाळीस मिनिटं. कुणी हाक मारली तरी हलायचे नाहीत. खिशात मला दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवायचे, माझ्या कापलेल्या कडीनं त्यांचा तळवा सोलला. दिवाळीला ते निवृत्त व्हायचे होते. दिवाळीनंतर इथं कोण उभं राहील? हा एकच किडा त्यांचं डोकं पोखरत होता आणि माझंही.

साहेब एकदा चिडलेच. "काका, कुलपाला पाच मिनिटं लागत होती, तुम्ही चाळीस मिनिटं उभे! हा कुठला हिशेब?"

"तुम्हीच करा हिशेब," पंडितजी म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच, मान वर करून बोलले. "पण साहेब, तो बाहेरून करू नका. एकदा आत उतरा."

साहेबांना वाटलं, काका आपल्याला भित्रा म्हणतायत. तरुण रक्त! म्हणाले, "उतरतो की. सफाईला नक्की किती वेळ लागतो तेही कळेल." बाह्या सरसावल्या, हेल्मेट घातलं, छिन्नी-हातोडी घेतली. पंडितजींनी दांडी खाली ओढली, पाटी टांगली. साहेब शिडी चढले आणि घंगाळात उतरले. हरगोविंद काठाशी उभा राहिला.

इथं एक गुपित सांगतो. साहेब शिडी चढत असताना पंडितजींनी स्विचची पेटी उघडून चिनी मातीचे तिन्ही फ्यूज काढले आणि खिशात टाकले. मी तिथंच होतो, माझ्या अंगावरच आपटले. म्हणजे बटण दाबा, दांडी वर करा, काहीही करा, पाती हलणं शक्य नव्हतं. ते कुणाच्या जिवाशी खेळणारे नव्हते. पण साहेबांना हे माहीत नव्हतं.

पहिली दोन मिनिटं आतून ठणठण आली. मग थांबली. आत वाकल्यावर काय होतं, ठाऊक आहे? डोक्याशी एक पातं, गुडघ्याशी दुसरं, आणि बाहेरचं काहीच दिसत नाही. पण ऐकू सगळं येतं. कुणीतरी चालत गेलं. कुठंतरी एक यंत्र सुरू झालं. कुणीतरी लांबून ओरडलं, "चालू करो रे!"

"काका?" आतून आवाज आला. "कोण आहे बटणापाशी?"

"मीच आहे, साहेब."

"पाटी लावलीय ना?"

"लावलीय." पंडितजींचा आवाज इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशीही लावली होती."

"कुठल्या दिवशी?"

"हरगोविंदची बोटं गेली त्या दिवशी. तुमच्या कागदांच्या आधीची गोष्ट. तुम्ही बसलाय तिथंच तो बसला होता. पाटी होती. असंच कुणीतरी ओरडलं, चालू करो. आणि एका माणसानं बटण दाबलं."

"कोणी दाबलं, काका?"

"मी."

मित्रांनो, जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. हातोडी खाली पडल्याचा आवाज आला. मग साहेबांचा, अगदी लहान झालेला. "काका, कुलूप लावा."

"कुलपं तुमच्या कपाटात आहेत, साहेब. आणि कपाटाची किल्ली तुमच्या खिशात."

घंगाळातून बाहेर पडायला एरवी माणसाला दीड-दोन मिनिटं लागतात. साहेब कसे बाहेर आले ते त्यांनाही सांगता येणार नाही. शर्ट फाटला, चष्मा आतच राहिला. हरगोविंदनं दोन बोटांच्या हातानं त्यांना दंडाला धरून काठावरून खाली उतरवलं. "आराम से, साब. कोऊ नईं चला रओ." साहेबांनी तो हात पाहिला. तीन महिने त्याच हाताबरोबर डबा खात होते, पण पाहिला त्या दिवशी. पंडितजींनी खिशातून तिन्ही फ्यूज काढून त्यांच्या पुढं धरले. साहेब चक्क खाली बसले.

"आधी का नाही बोललात, काका?"

"लाज वाटत होती," पंडितजी म्हणाले. "आता त्या लाजेपेक्षा दिवाळीनंतरची भीती मोठी आहे."

त्याच संध्याकाळी कपाट उघडलं. तक्त्याच्या कोऱ्या बाजूला साहेबांनी दोनच ओळी लिहून मालकांना पाठवल्या: "हा आकडा मला काढता आला नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांनी संध्याकाळी चार वाजता येऊन कुलूप न लावता मिक्सरमध्ये उतरावं." मालक काही उतरायला आले नाहीत. पण कुलपं राहिली. फुगे आणि हेल्मेटं गेली ती गेलीच, आणि जाडे हातमोजे बदलून पातळ आले. शिवाय एक नवा नियम झाला: किल्ली मनगटाच्या पट्ट्याला बांधायची, जानव्याला नाही. हरगोविंद तर चिडवायचाच, "पंडितजी, अबकी चाबी के संगै खुद न बह जइयो!"

दिवाळीच्या आधीचा शनिवार पंडितजींचा शेवटचा दिवस होता. मला त्यांनी स्विचशेजारी खिळा ठोकून टांगलं. चार वाजले. हरगोविंदनं आपलं सात नंबरचं लावलं, किल्ली मनगटाला अडकवली, आणि बटणाकडे जायच्या ऐवजी बाजूला सरला.

"आज तुम दबाओ, पंडितजी."

पंडितजी मागं सरले. नाही, नाही म्हणाले. हरगोविंद बाजूला उभाच राहिला. सगळे कामगार थांबले, साहेबही. मी खिळ्यावर असा हलत होतो की पडतो की काय वाटलं. शेवटी पंडितजी पुढं झाले. सहा वर्षांनी त्यांनी ते बोट उचललं. डोळे मिटले. दाबलं.

काही झालं नाही.

त्यांनी डोळे उघडले, पुन्हा दाबलं. काही झालं नाही. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, लहान मूल दारावरची घंटा वाजवतं तसं दाबतच राहिले, आणि प्रत्येक वेळी काहीच होत नव्हतं, आणि ते हसत होते आणि रडत होते.

मित्रांनो, आता मला किल्ली नाही, कडी नाही. कामाला मी निकामी आहे. पण तुमच्याही घरात मिक्सर असेल, पंखा असेल, पाण्याची मोटर असेल. त्यात कुणी हात घालत असेल, तर नुसतं बटण बंद केलंय यावर जाऊ नका. प्लग उपसून काढा आणि हातात धरून उभे राहा. आई म्हणेल, काय वेळ घालवतोस! घालवा. तुम्ही त्या वेळात काय कमावलंत, ते कुणाला कधी दिसणार नाही. तरी उभे राहा.

बरं, आता गप्पा पुरे. चार वाजतायत. हरगोविंद येतोय, आत उतरण्याआधी तो मला दोन बोटांनी हात लावून जातो. आणि तो बाहेर येईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही.